३७ इंची टायर, बीडलॉक रिम आणि ताशी साठ मैलांना सुरू होणारी थरथर

प्रश्न : रॉकीज_पायथा (डेन्व्हर, कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे चार दारांची जीप रँग्लर रुबिकॉन (जेएल) आहे. कारखान्यातून आलेले ३३ इंची टायर काढून मी तिला ३७×१२.५०आर१७ मापाचे मड-टेरेन (चिखल-खडकांसाठीचे) टायर आणि खऱ्या बीडलॉक रिम (टायरची कड, म्हणजे बीड, बोल्टांच्या रिंगेने पकडून ठेवणाऱ्या) बसवून घेतल्या आहेत. 'खऱ्या' असे मुद्दाम लिहितो, कारण अलीकडे जीप रँग्लर आणि फोर्ड ब्रॉन्को यांच्या काही गाड्यांना कंपनीकडूनच 'बीडलॉक बसवता येण्याजोग्या' रिम मिळतात आणि त्यांच्यावरची मूळ रिंग केवळ शोभेची असते. माझ्या रिमवर टायरचा बाहेरचा बीड खरोखरच रिम आणि रिंग यांच्यामध्ये चिमटला जातो आणि प्रत्येक रिंगला २४ बोल्ट आहेत.

अडचण अशी आहे, की ताशी ६० मैलांच्या (सुमारे ९५ किमी) आसपास स्टिअरिंग थरथरू लागते आणि ६८ मैलांच्या पुढे ते थोडे शांत होते. इथल्या एका टायरच्या दुकानाने बीडलॉक रिमचे बॅलन्सिंग करायलाच नकार दिला. दुसऱ्या दुकानाने ते करून दिले, पण पुढच्या डाव्या चाकाला तब्बल ३४० ग्रॅम वजने चिकटवावी लागली आणि तरीही थरथर पूर्ण गेली नाही. शिवाय मागच्या डाव्या चाकातून आठवड्याला चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा उतरते.

यूटातील मोॲबच्या खडकांवर मी हवा ८ ते १० पीएसआयपर्यंत उतरवतो, त्यामुळे बीडलॉक मला हवे आहेत. परंतु इथून मोॲबला पोहोचायला साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक महामार्ग कापावा लागतो आणि एवढा वेळ थरथरते स्टिअरिंग धरून बसणे कठीण आहे. टायरच्या आत बॅलन्सिंगचे मणी (चाकाचा तोल साधणारे बारीक मोकळे गोळे) टाकावेत, की रिंगा उघडून सगळे पुन्हा बसवावे? बसवायचे झाल्यास बोल्ट कोणत्या क्रमाने आणि किती आवळावेत?

उत्तर १ : सोनोरन_वाट (फिनिक्स, ॲरिझोना)

मण्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. एका चाकाला ३४० ग्रॅम वजन लागते तेव्हा बहुतेक वेळा प्रश्न वजनाचा नसतो, टायर रिमच्या मध्यावर बसलेला नसतो.

साध्या रिमवर टायर मध्यावर आणण्याचे काम रिमच करते. हवा भरली, की दोन्ही बीड निमुळत्या बैठकीवर चढतात आणि ती बैठक त्यांना सर्व बाजूंनी सारखे धरते. बीडलॉकमध्ये आतला बीड आजही तसाच बसतो. बाहेरचा बीड मात्र आपण हाताने रिमच्या पायरीवर ठेवतो आणि वरून रिंग आवळतो. पायरी आणि बीड यांच्यात थोडी फट राहतेच, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरांचे बीड नेमके एकाच घडणीचे नसतात. आडव्या ठेवलेल्या रिमवर तीस-पस्तीस किलोचा टायर त्या फटीत एका अंगाला सरकला आणि त्याच अवस्थेत बोल्ट आवळले गेले, की तो तसाच पकडला जातो. बॅलन्सिंगचे यंत्र मग त्या वाकड्या बसलेल्या टायरला वजनाने तोलून देते, पण त्याचा गोलपणा परत आणू शकत नाही.

म्हणून आधी मोजा. जीप जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, चाक हाताने फिरवा आणि टायरच्या मधल्या भागासमोर एक स्थिर टोक धरा. मड-टेरेन टायरच्या गुटक्यांमुळे टोक उड्या मारते, म्हणून मध्यावरून रुंद चिकटपट्टी ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर माप घ्यावे. टायर कुठे किती वर येतो आणि कुठे किती खाली जातो यांतला फरक लिहून ठेवा. एवढ्या मोठ्या टायरला दीड-दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो. तीनच्या पुढे गेला, तर वजने लावण्याआधी चाक उघडतो. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. टायरच्या बाजूवर, रिमच्या अगदी जवळ, साच्यातच उमटलेली एक बारीक गोल रेषा असते. ती रेषा आणि रिंगेची कड यांतील अंतर चारही दिशांना सारखे आहे का, ते पाहा. एका बाजूला ४ मिमी आणि समोरच्या बाजूला ८ मिमी असेल, तर दोष तिथेच सापडला असे समजावे.

पुन्हा बसवताना पहिली गोष्ट म्हणजे वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्णपणे सोडून द्यावी. हवा असलेल्या चाकाच्या रिंगेचा एकही बोल्ट सैल करू नये. ती रिंग उडाली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. नंतर रिमच्या पायरीवरची आणि रिंगेच्या आतली माती, जुने रबर आणि ॲल्युमिनियमचा पांढरा गंज घासून काढावा. आतला बीड साबणपाण्याने ओला करून रिमवरून उतरवावा, बाहेरचा बीड कोरडाच पायरीवर ठेवावा आणि तो मध्यावर आणण्यासाठी वेळ द्यावा. मी चार समोरासमोरच्या ठिकाणी फट मोजतो, रबरी हातोडीने टायर हलवतो आणि अंतर जुळल्यावरच रिंग ठेवतो.

सगळे बोल्ट आधी हाताने लावावेत, म्हणजे एखादा वाकडा शिरत असेल तर बोटांना कळते. हवेवर चालणारी गन इथे वापरू नये, कारण रिममधले आटे ॲल्युमिनियमचे असतात आणि एकदा गेले की आत नवीन स्टीलचे आटे बसवून घ्यावे लागतात. आवळण्याचा क्रम समोरासमोरचा ठेवावा : पहिल्या फेरीत ठरलेल्या टॉर्कच्या (बोल्ट आवळण्याच्या जोराच्या) एक तृतीयांश, दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश, तिसऱ्या फेरीत पूर्ण. त्यानंतर ओळीने गोल फिरत प्रत्येक बोल्टवर टॉर्क रेंच लावावा आणि एकही बोल्ट हलेनासा होईपर्यंत फेऱ्या चालू ठेवाव्यात. बीडचे रबर दबते, त्यामुळे एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो आणि या गोल फेऱ्या चार-पाच वेळा कराव्या लागल्या तरी नवल नाही. ५/१६ इंची बोल्टांना अनेक उत्पादक १६ ते २० फूट-पाउंड (सुमारे २२ ते २७ न्यूटन-मीटर) सांगतात, मात्र आपल्या रिमच्या कागदावर जो आकडा असेल तोच धरावा. तो आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावलेल्या, हेही पाहावे. वंगण लावलेल्या बोल्टला कोरड्याचा टॉर्क दिला तर तो प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

रिंग आवळून झाल्यावरच हवा भरून आतला बीड बैठकीवर चढवावा. त्यासाठी ४० पीएसआयच्या वर जाऊ नये; तेवढ्यात चढला नाही तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावावे. टॉर्क दुसऱ्या दिवशी एकदा आणि पहिल्या ८० किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा तपासावा.

उत्तर २ : तोल_मोल (कोल्हापूर)

वरच्या उत्तराशी सहमत आहे. माझे टायर-बॅलन्सिंगचे दुकान आहे, म्हणून थोडे आकड्यांत मांडतो. बॅलन्सिंग करूनही चाक का थरथरते, हे गिऱ्हाइकाला समजावताना मला हाच हिशेब सांगावा लागतो.

ताशी १०० किलोमीटर वेगाने ३७ इंची चाक सेकंदाला साडेनऊच्या आसपास फेरे घेते. १७ इंची रिमच्या कडेला १०० ग्रॅमचा असमतोल असेल, तर त्या वेगाला तो सुमारे ७७ न्यूटनने, म्हणजे जवळजवळ आठ किलो वजनाच्या जोराने, प्रत्येक फेऱ्यात चाक ओढतो. आता वाकड्या बसलेल्या टायरचे पाहा. बाहेरचा बीड २ मिमी सरकलेला आणि आतला बीड जागेवर असेल, तर सबंध टायर सरासरी १ मिमी बाजूला गेला असे धरू. टायरचे वजन ३४ किलो धरले, तर हा एक मिलिमीटर तोलण्यासाठी रिमच्या कडेला सुमारे १६० ग्रॅम वजन लागते. आपल्या ३४० ग्रॅमपैकी बराचसा भाग असाच आला असावा, असा माझा अंदाज आहे.

पण खरी गोम पुढे आहे. वजने लावून यंत्राचा आकडा शून्यावर आला, तरी टायर रस्त्यावर एक मिलिमीटर उंच आणि एक मिलिमीटर खाली असाच धावणार. एका चाकावर साडेपाचशे किलो भार असताना टायर साधारण २५ मिमी दबत असेल, तर प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे २२ किलोचा जोर झाला. म्हणजे एक मिलिमीटर वर-खाली धावणाऱ्या चाकाचा रस्त्यावरचा दाब प्रत्येक फेऱ्यात तेवढ्याने वाढतो आणि तेवढ्याने घटतो. १०० ग्रॅमच्या असमतोलाचा आठ किलोचा ओढा त्यापुढे लहान आहे. बॅलन्सिंगचे यंत्र चाक हवेत फिरवते, त्यामुळे हा जोर त्याला दिसतच नाही. टायरवर रोलर दाबून मोजणारी यंत्रे तो दाखवतात. आपल्या जवळपास तसे यंत्र असेल आणि त्यात ३७ इंची चाक मावत असेल, तर एकदा अवश्य मोजून घ्यावे.

यंत्रावर चाक कसे धरले होते, हेही विचारा. जीपच्या हबचा मधला व्यास ७१.५ मिमी असतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक रिमचे मधले भोक त्याहून मोठे असते आणि ती रिम गाडीवर नटांच्या निमुळत्या बैठकीने मध्यावर येते. अशी रिम यंत्रावर नुसत्या शंकूवर धरली, तर यंत्राचा मध्य वेगळा आणि गाडीवरचा मध्य वेगळा होतो. नटांच्या जागी बोटे टेकवणारी प्लेट मिळते, ती लावून बॅलन्सिंग करायला हवे. चाक गाडीवर चढवतानाही ते हवेत असतानाच नट समोरासमोर आवळून बसवावेत आणि शेवटचा टॉर्क खाली उतरवल्यावर द्यावा. जेएलसाठी तो १३० फूट-पाउंड आहे.

बीडलॉकच्या बाहेरच्या कडेवर ठोकायची वजने बसत नाहीत. आतल्या कडेला ठोकायचे किंवा चिकटवायचे वजन लावता येते आणि बाहेरच्या प्रतलासाठीचे वजन आऱ्यांच्या लगेच मागे, रिमच्या आतून चिकटवावे लागते. एवढ्या रुंद चाकाला केवळ एकाच प्रतलात तोलून भागत नाही, कारण ते वर-खाली तोलले गेले तरी डावी-उजवीकडे डुलत राहते. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसावी, वजन बसल्यावर त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी ओढावी आणि ब्रेक कॅलिपरला ते घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे.

उत्तर ३ : चिखल_वाट (फोंडा, गोवा)

आमच्याकडचा अनुभव थोडा वेगळा आहे. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाल्यापासून जिप्सी आणि थार यांच्यावर बीडलॉक लावलेली वाहने इथे पावसाळ्यात पाहायला मिळतात, परंतु त्यांतली बरीचशी ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. ताशी वीस किलोमीटरने चिखलात जाणाऱ्या गाडीला बॅलन्सिंगची फिकीर नसते. आपल्याला एकाच चाकावर खडकही चढायचा आहे आणि महामार्गही कापायचा आहे; ही मागणी अवघड आहे, एवढे मान्य करून पुढे जावे.

चिकटवलेल्या वजनांवर माझा फारसा विश्वास नाही. रिमच्या आत शिरलेला एक दगड कॅलिपर आणि रिम यांच्यात फिरला, की पट्टीसकट वजने खरवडून नेतो. म्हणून टायर मध्यावर बसल्याची खात्री झाल्यानंतर मणी वापरायला माझी हरकत नाही. मण्यांचे तत्त्व असे, की चाक आणि सस्पेन्शन यांच्या स्वतःच्या कंपनवेगापेक्षा जास्त वेगाने चाक फिरू लागले, की आतली मोकळी वस्तू आपोआप हलक्या बाजूकडे सरकते. त्या वेगाच्या खाली ती उलट जड बाजूकडे जाऊ शकते, त्यामुळे मणी टाकलेली गाडी कमी वेगात काही क्षण कुरकुरते आणि मग शांत होते. टायर लंबगोल धावत असेल तर मात्र मण्यांचा काडीचा उपयोग नाही, कारण वर हिशेबात दाखवलेला बावीस किलोचा जोर त्यांच्या हाती लागत नाही.

मणी टाकायचे तर टायर आतून पूर्ण कोरडा हवा. साबणपाणी आत राहिले किंवा कॉम्प्रेसरमधून पाणी आले, की त्यांचे गोळे होतात आणि ते एका जागी चिकटून बसतात. वॉल्व्हमध्येही जाळीची पिन बसवावी लागते, अन्यथा मोॲबला हवा सोडताना मणी पिनेत अडकतात आणि वॉल्व्ह गळू लागतो. आपण दर खेपेला हवा उतरवणार आणि पुन्हा भरणार असाल, तर ही कटकट कायमची आहे. त्याऐवजी चाकाच्या मागे हबवर बसवायची बॅलन्सिंगची चकतीही मिळते. तिच्या बंद नळीत द्रव आणि छर्रे असतात, त्यामुळे टायरच्या आत काही टाकावे लागत नाही.

आणखी एक, खडकावरून किंवा चिखलातून आल्यावर रिमची आतली बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. आत वाळलेला चिखल एकाच बाजूला पाव किलो असेल, तर वरचे सगळे हिशेब वाया जातात. परतीच्या वाटेवरच थरथर जास्त जाणवत असेल, तर पहिला संशय चिखलावर घ्यावा.

उत्तर ४ : तोल_मोल

@चिखल_वाट, वजने दगडाने निघतात हे खरे, पण ती निघाली तर दिसतात आणि पुन्हा लावता येतात. मण्यांचा गोळा झाला, तर तो चाक उघडेपर्यंत कळत नाही. महामार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी मी वजनांनाच मत देईन. चकतीबद्दल मात्र माझे दुमत नाही. ट्रकवर तिचा उपयोग होताना मी पाहिला आहे.

उत्तर ५ : कलम_५२ (पुणे)

मूळ प्रश्न कोलोरॅडोचा आहे, तरी हा धागा इथले थारवालेही वाचत असतील, म्हणून लिहितो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करण्यावर बंधने आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती भूमिका अधिक ठामपणे मांडली. फेरफार करून ३७ इंची टायर बसवलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. अमेरिकेत 'बीडलॉकला परिवहन खात्याची मान्यता नाही' असे सर्रास म्हटले जाते, परंतु ते खाते कोणत्याच रिमला मान्यता देत नाही; आपली रिम मानकांत बसते की नाही याची जबाबदारी उत्पादकाची असते आणि अनेक उत्पादक बीडलॉक 'केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी' म्हणूनच विकतात. आपल्या रिमच्या कागदावर काय छापले आहे, ते वाचून ठेवावे.

प्रश्नकर्ता : रॉकीज_पायथा

सर्वांचे आभार. मोजमाप केले. पुढच्या डाव्या चाकाला ४ मिमी फरक निघाला आणि साच्याची रेषा एका बाजूला रिंगेखाली जवळजवळ दडली होती. रिंग उघडून टायर मध्यावर आणल्यावर फरक दीड मिलिमीटरवर आला आणि नटांची प्लेट असलेल्या दुकानात त्याच चाकाला ११० ग्रॅम पुरले. थरथर बरीच कमी झाली आहे, पण गेलेली नाही. पुढच्या उजव्या चाकाचा फरक ३ मिमी आहे आणि त्याची रेषा मात्र चारही बाजूंना सारखी दिसते. मागच्या चाकाची गळती रिंगेपाशी असेल असे वाटले होते, परंतु साबणपाणी लावल्यावर बुडबुडे वॉल्व्हच्या बुडाशी आले. रबरी वॉशर बदलल्यावर हवा टिकते आहे. उजव्या चाकाचे काय करावे?

उत्तर ६ : सोनोरन_वाट

रेषा सारखी आहे, म्हणजे टायर मध्यावर आहे; आता दोष टायरचा की रिमचा, एवढेच ठरवायचे आहे. सर्वांत उंच जागेवर टायरवर आणि तिच्यासमोर रिमवर खडूने खुणा करा, हवा सोडा, रिंग उघडा आणि टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. उंच जागा टायरच्या खुणेबरोबर फिरली, तर टायर घडणीतच लंबगोल आहे. रिमच्या खुणेपाशी राहिली, तर रिम वाकलेली किंवा खराद बरोबर न झालेली आहे. उंच जागा नाहीशीच झाली, तर टायरचा उंचवटा रिमच्या खोलगट बाजूवर आला असे समजून तसेच ठेवावे.

टायरच लंबगोल निघाला, तर वॉरंटीत बदलून मिळतो का ते विचारा आणि तोपर्यंत ते चाक मागे डावीकडे किंवा उजवीकडे लावा, कारण मागच्या चाकाची थरथर स्टिअरिंगमध्ये न येता सीटखाली येते आणि ती सोसवते. नायलॉनच्या तिरप्या थरांचे (बायस-प्लाय) जुन्या घडणीचे टायर रात्रभर उभे राहून खालून चपटे होतात आणि सकाळचे पहिले काही मैल थरथरतात. आपले टायर रेडियल आहेत, त्यामुळे ती शक्यता मी धरत नाही.

उजव्या चाकाचे काम झाल्यावरही स्टिअरिंग थरथरले, तर चाकांकडे बघणे थांबवून ट्रॅक बारचे (ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके तपासा. जीपच्या पुढे अखंड ॲक्सल आहे. तिथे कुठे ढिलाई असेल, तर लहानसा असमतोलही फुगवून स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो आणि मूळच्या ३३ इंचांपेक्षा कितीतरी जड असलेली ही चाके ते सांधे लवकर झिजवतात. तपासताना एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांवर हात ठेवून हालचाल जाणवते का ते पाहावे. मोॲबला निघण्याआधी रिंगांचे बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्या आणि त्याच मापाचे, त्याच दर्जाचे सात-आठ बोल्ट सोबत ठेवा. खडकाला घासून डोकी उडतात, आणि तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात साध्या दर्जाचा बोल्ट मिळाला तरी तो रिंगेत वापरू नये.